बिल्ला ४४०७

पहाटे तीनला अल-खर्जमध्ये
शेड अकराचे पंखे धुकं फेकत असतात.
बाहेरची वाळू अजून कालच्या दुपारची,
आत चार हजार गायी रवंथ करतात
थंडीच्या मुलखात असल्यासारख्या.

शफिउल वासरू धरतो. बिल्ला ४४०७.
तीन दिवसांची. पापण्या, कास, चेहरा, सगळं मादीचं.
मी नळीला तेल लावतो, अलगद सरकवतो.
चार बोटांवर नळी अडते.
दुसऱ्या कालवडीत याच्या दुप्पट गेली असती.
शफिउल आधी माझ्या तोंडाकडे बघतो,
मग खिशातल्या लाल खडूकडे.

कशानं, तो विचारतो.
माझ्या मोडक्या हिंदीत मी सांगतो:
पहिले चाळीसेक दिवस कुणीच कुणी नसतं.
प्रत्येकाच्या आत दोन वाटा आखलेल्या,
एक नराची, एक मादीची,
सुताएवढ्या, शेजारी शेजारी.
वहिवाट कुठली राहणार, ते नंतर ठरतं.
मग भावाच्या अंगात दोन संप्रेरकं जागी होतात.
एक त्याची वाट रुंद करतं,
दुसरं त्याच्यातली मादीची वाट पुसून टाकतं.
इथवर ठीक. घर त्याचं, काय हवं ते पुसो.
पण गायीच्या पोटात दोघांची वार जोडली जाते,
शिरेला शीर मिळते,
आणि बांध फुटून एकाचं पाणी दुसऱ्याच्या वावरात शिरावं
तसं भावाचं रक्त बहिणीत शिरतं
आणि पुसतच राहतं.
हे आपलं शेत नव्हे, हे त्याला कोण सांगणार?
गर्भाशय धरायचं तिथं एक दोरा उरतो.
शंभरात नव्वद वेळा.

"भाई का क्या कसूर, डॉक्टरसाब," शफिउल म्हणतो.
तो प्रश्न नव्हता.
तरी मी हातमोजा उलटा करून काढायला
नेहमीपेक्षा जास्त वेळ लावतो.

आटपाडीला आम्ही दोघं एकाच दुपारी आलो.
आधी मी. चुलीवरची आमटी उतरेपर्यंत हौसा.
मी नववीत गेलो त्या वर्षी
दोन शेळ्या विकून माझी फी भरली
आणि त्याच आठवड्यात तिला हळद लागली.
आठ वर्षं मूल नाही.
नवऱ्यानं दुसरी आणली, हौसा ट्रंक घेऊन परत आली.
आई भाकरी थापत होती, परातीतच बघत म्हणाली,
"पोटातच भावानं हिचं घेतलं असंल."

तेव्हा मी शिरवळला शेवटच्या वर्षाला होतो.
रात्रभर पुस्तकं उलथीपालथी केली.
माणसात तसं होत नाही.
भाऊबहीण जुळे असले, वार शेजारी चिकटल्या,
तरी रक्त आपापल्या घरी राहतं.
मी चित्र काढलं, दोन रंगांच्या पेन्सिलींनी,
शिरा वेगवेगळ्या दाखवल्या, पत्रात घातलं.
पुढच्या सुट्टीत हौसानं ते फळीवरच्या डब्यातून काढलं,
घडी उलगडली, परत घातली.
हसली.
"पोटात न्हाई रं," म्हणाली. "भायेर आल्यावर."

शफिउलचा हात अजून वासराच्या मानेवर.
हिचा भाऊ कालच्या ट्रकनं गेला,
त्याच्या कानात बिल्लासुद्धा मारला नव्हता.
मी लाल रेघ ओढतो. आता हिचाही ट्रक ठरला.
ती वळून माझी बोटं चोखायला लागते,
खडूसकट.

आटपाडीत साडेपाच झाले असतील.
हौसानं गोठ्यातला दिवा लावला असेल,
लसूणघास टाकला असेल.
मी पाठवलेल्या पैशांची जर्सी सात महिन्यांची गाभण आहे.
रात्री तिचा निरोप आला होता:
पोट लईच सुटलंय, जुळं असंल का?
असलं तर चांगलं का वाईट?

वाचल्याच्या दोन निळ्या खुणा
तिला केव्हाच दिसल्या असतील.